घाटात दम सोडणारी गाडी

४ फेब्रुवारी
आजचा खर्च : स्पार्क प्लग एक, पंचेचाळीस. इलॅस्टिक दीड मीटर, बारा. पडद्याचं फुलाफुलांचं कापड कपाटातलंच, म्हणून फुकट.
ह्यांची बदली घाटापलीकडच्या ऑफिसात झाली. एक मार्चला हजर व्हायचं. सकाळच्या वेळेला बस नाही. मोटारसायकल घाट चढली तर रोज जाऊन-येऊन होईल. नाहीतर तिकडे खोली घेतो, रविवारचा येत जाईन म्हणाले. मी म्हटलं, जशी तुमची सोय. एकटीचा स्वयंपाक पटकन होतो.
आता रोजचं बसणं म्हणून फाटक्या सीटला कव्हर शिवलं. खाली वीतभर झालर. झालर नसती तरी चाललं असतं, पण उरलेला तुकडा टाकवेना.

५ फेब्रुवारी
कव्हर घालून हे घाटाकडे चक्कर मारून आले. गाडी गल्लीत शहाण्यासारखी चालते. वेग वाढवला, इंजिन जोरात फिरायला लागलं, की कुणी गळा दाबल्यासारखा दम सोडते. जरा सैल सोडलं की पुन्हा ठीक. पहिल्या वळणावरूनच परत आले. हे म्हणाले, माझ्यावर गेली, सावकाश असलं तर सगळं बरं.
नवा प्लग बसवला. फरक शून्य. दुकानदार परत घेत नाही.
संकल्प : दोष मी स्वतः शोधणार. मॅट्रिकला सायन्स होतं. शिवाय रोजचा हिशोब ठेवणारीला हे अवघड नाही. बेरीज चुकली की एकेक रक्कम तपासायची. गाडीचाही एकेक भाग तपासायचा.
संकल्प दोन : गाडी घाट चढेपर्यंत साखर सोडली. देवाला तसं सांगितलं. साखरेचीही बचत.

८ फेब्रुवारी
गाडी गॅरेजला. मिस्त्रीचे हात काळे, म्हणून कव्हर आधीच काढून घरी ठेवलं. मिस्त्री घाटात दोन वळणं जाऊन आला. म्हणाला, बाई, पळतेय की, हिला आजार काय आहे? मी म्हटलं, आजार नसता तर मी इथे तुमच्या टायरवर बसले असते का? कार्बोरेटर साफ करायला लावला.
घरी आणून कव्हर नीट चढवलं. हे गेले. पहिल्या वळणावर गाडीने दम सोडला.
निष्कर्ष : मिस्त्री घाट चढलाच नाही. कोपऱ्यावर चहा पिऊन आला.
चहा बिनसाखरेचा. सोबत बिस्किट. त्यात असते ती बिस्किटवाल्याची साखर.

१२ फेब्रुवारी
पेट्रोलच्या टाकीखालची जाळी तपासायला लावली. कव्हर काढून नेली होतीच. ह्या खेपेला मी घाटाच्या पायथ्याशी उभी राहिले, लबाडी नको. मिस्त्री वर गेला तो तीरासारखा. खाली येऊन म्हणाला, बाई, ही गाडी माहेरी हसते नि सासरी रडते. तुम्ही हिला घरी बोलता का काही?
हसण्यासारखं काही नव्हतं. गॅरेजातले बाकीचे हसले.
घरी आणली. कव्हर घातलं. संध्याकाळी रडली.

१३ फेब्रुवारी
विचार केला. दोष गाडीत नसून ह्यांच्या चालवण्यात असावा. मिस्त्री चालवतो तेव्हा ठीक. हे चालवतात तेव्हा नाही. बेरीज जुळली.
ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, वीस वर्षं मीच चालवतोय ना? मी म्हटलं, तेवढ्या वर्षांत सवयी बिघडतात.

१७ फेब्रुवारी
परवा कव्हर धुतलं. डाव्या बाजूच्या झालरीवर वाटीएवढा गोल काळा डाग, आणि तेवढ्याच जागी कापड चुरगळलेलं. ह्यांचा गुडघा. तेलकट पँट घालून बसतात. मी ह्यांना बोलले. ह्यांनी पँट वर करून गुडघा दाखवला. म्हणाले, वाटीएवढा दिसतो का हा?
घासून घासून डाग काढला. दोन दिवसांत त्याच जागी पुन्हा. माणूस सुधारत नाही.

२१ फेब्रुवारी
आतापर्यंत तपासलं : प्लग, कार्बोरेटर, जाळी, चेन, ह्यांचं चालवणं. आता गाडीवर असं काहीच उरलं नाही की जे मी पाहिलं नाही. तेव्हा दोष वयाचा आहे. वयाला स्पेअर पार्ट मिळत नाही.
आज चुकून साखरेचा चहा प्याले. शेजारणीकडे होता, नाही कसं म्हणणार? देवाला सगळं दिसतं, त्याला शेजारणीचा आग्रहही दिसला असेल.

२४ फेब्रुवारी
हे बसने जाऊन खोली बघून आले. चांगली आहे म्हणाले. खिडकीतून झाड दिसतं म्हणाले. झाडाबद्दल जरा जास्तच बोलले. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं, त्यामुळे थोडं कमी झालं. मी म्हटलं, हे बरं केलंत. आगाऊ दिलेलं सोडून येता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

२८ फेब्रुवारी
हे दुपारच्या बसने गेले. खोलीत लोखंडी खुर्ची आहे, टोचेल, म्हणून गाडीचं कव्हर धुऊन बरोबर दिलं. उभ्या गाडीला कव्हर कशाला? खुर्चीला अगदी मापात बसेल.
बसच्या खिडकीतून म्हणाले, काळजी घे. मी म्हटलं, डबा उलटा धरू नका.

१ मार्च
एकटीचा स्वयंपाक खरंच पटकन झाला. ताटं दोन घेतली. एक पुसून ठेवलं.

४ मार्च, सकाळ
धाकटे भाऊजी आले. गाडी विकायची असेल तर मीच घेतो म्हणाले. भंगाराच्या भावात. मी म्हटलं, आधी चालवून बघा, मग फसवलं म्हणू नका.
अर्ध्या तासाने आले ते ओरडतच. वहिनी, घाट चढून पलीकडच्या चौकीपर्यंत जाऊन आलो! काय केलंत हिला?
मी म्हटलं, साखर सोडली.

४ मार्च, दुपार
हे लिहू नये असं वाटत होतं.
भाऊजींनी अंगणात गाडी उभ्या जागी जोरात चालू ठेवली, मला ऐकवायला. मी फडक्याने तिची धूळ पुसत होते. सीटखाली डाव्या बाजूला फडकं हातातून खेचलं गेलं आणि चिकटून बसलं. तोच आवाज. तोच दबलेला गळा. फडकं ओढलं, गाडी मोकळी. पुन्हा जवळ नेलं, पुन्हा गळा.
भाऊजी म्हणाले, अहो, तिथून इंजिन हवा घेतं. जेवढं जोरात फिरेल तेवढी हवा ओढणार. तिथे कापड लागलं तर बिचारी श्वास कशाने घेईल? मग सीटकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, वहिनी, हिला झालर होती ना?
मी म्हटलं, चहा घेणार का?
ते भोक वाटीएवढंच आहे.
गाडी विकणार नाही असं सांगितलं. भाऊजी दादाला पत्र टाकतो म्हणाले आणि हसत गेले. त्यांच्या आधी माझं गेलं पाहिजे.

५ मार्च
कच्चं इथेच लिहिते. कार्ड वाया जायला नको.

‘स. न. वि. वि. गाडीचा दोष सापडला. हवेच्या वाटेत होता. मी एकेक भाग तपासत गेले म्हणून सापडला. भाऊजींनी काही निराळं कळवलं तर त्यांचा थट्टेचा स्वभाव आपण जाणताच. आपल्या गुडघ्याबद्दल मी बोलले ते मागे घेते. चालवण्याबद्दलही. गाडी आता घाट सहज चढते. रविवारी बसने यावे आणि सोमवारपासून घरूनच जावे. सामान सगळे आणावे. खुर्चीवरचे कव्हर तेवढे घरमालकांना ठेवून यावे, गाडीजवळ आणू नये. तीन महिन्यांचे भाडे बुडाले तरी चालेल. हे मी नीट विचार करून लिहिले आहे. येता की नाही, उलट टपाली कळवावे.’