समोरून दोन जव कमी

राजापेठ, अमरावती
मंगळवार, ता. २० एप्रिल १९३७

तीर्थरूप गोवर्धनदादास,

धाकट्या शकुनचा नमस्कार. तू, वहिनी आणि जयवंता सुखरूप असाल असं धरून चालते. अडीच महिने तुझं पत्र नाही. मीही लिहिलं नाही, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

इकडे सगळं ठीक आहे. सासूबाईंचे गुडघे ऊन वाढल्यापासून जरा सुधारले आहेत. मळ्यात वांगी उदंड आलीत, मोगराही लवकर फुलला. सकाळपासून गजरे ओवून माझी बोटं सुजली आहेत, म्हणून अक्षर असं आलं आहे. माझ्या कपाळाला थोडं लागलं आहे, उखळावर आपटले. काळजीचं काही नाही.

यांची मोटार चालू आहे. परवा गुरुवारी पहाटे ते एका वकिलांना घेऊन चिखलदऱ्याला जाणार आहेत. वकील, वकिलीणबाई, त्यांच्या सासूबाई आणि दोन लेकरं, शिवाय उन्हाळाभराचं सामान. परतवाड्याच्या पुढचा घाट तू पाहिलाच आहेस.

त्या मोटारीबद्दलच लिहायला बसले आहे. कुठून सुरुवात करावी कळत नाही.

माघात मोटार दगडावर आदळून पुढची चाकं वाकडी झाली, तेव्हा तू कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढून आलास. मापाला बांबूची कामटी घेऊन अख्खी दुपार मोटारीखाली पडून होतास. जाताना हे घरी नव्हते. तू मला हाताशी बोलावलंस, पुढच्या दोन चाकांमधल्या अंतरात जवाच्या दोन दाण्यांएवढा फरक दाखवलास आणि म्हणालास, "शकुन, समोरून दोन जव कमी ठेवले हायेत. मुद्दाम. मोटार पयते तवा चाकं समोरून फाकतात, मंग बरोब्बर सारकी होतात. जवाईबुवाले सांगजो." एवढंच सांगून थांबला असतास तर किती बरं झालं असतं. पण हात पुसता पुसता तू आणखी बोललास, "समजावून सांग बरं. नाहीतर त्याच्या हाती मोटार म्हंजे माकडाच्या हाती कोलीत."

दादा, ते मला फार लागलं. माझा नवरा माळी आहे, मिस्त्री नाही. पण ज्या माणसाने वांग्याच्या टोपल्या डोक्यावरून वाहून वाहून मोटार उभी केली, त्याला माझ्याच अंगणात माझाच भाऊ माकड म्हणतो! मी तेव्हा हसले. तू गेल्यावर मात्र ठरवलं की सांगायचंच नाही. फार शहाणा आहेस ना, मग तूच सांग.

आठ दिवसांनी यांनी माझ्याच गजऱ्याच्या दोऱ्याने चाकं मोजली. समोर कमी, मागे जास्त. बैलगाड्या करणाऱ्या नत्थुजी सुतारांना बोलावलं. ते वाकून बघून म्हणाले, "चाळीस वर्सं झाले बंड्या करून राहिलो. चाकं समोर जवळ अन् मागं दूर, असं कुठी असते काय? बैल मरते अशा बंडीत." मग नत्थुजींनी दोरा धरला, यांनी पान्याने आडवा दांडा फिरवला आणि दोघांनी मिळून दोन्हीकडचं माप तंतोतंत सारखं केलं. मी दारात उभी होते. तोंडाशी आलं होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. हे अकोल्याला येऊन तुझ्या कारखान्यात दहा माणसांदेखत, चाकं वाकडी ठेवलीस म्हणून तुला नाही नाही ते बोलले. पण घरी आल्यावर काय झालं, ते तुला माहीत नाही. तू म्हणे फक्त एवढंच म्हणालास, "शकुनले विचार." यांनी चौकटीत उभं राहून मला विचारलं, "तुहा भाऊ म्हणते, शकुनले विचार. काय विचारू वं? तुले काई सांगून गेला होता काय?"

मी म्हटलं, "मले काई ठाऊक नाई."

सासूबाई तिथेच होत्या. त्यांच्यासमोर कबूल करायची भीती वाटली, हे खरं. पण राग त्याहून जास्त होता, हेही खरं. तू माझ्या भरवशावर गप्प राहिलास आणि मी तुला खोटं पाडलं. तेव्हापासून तू या घराची पायरी चढला नाहीस आणि तुझी काही चूक नाही.

आता उखळाचं सांगते. उखळ नव्हतं. गेल्या बुधवारी आम्ही दोघं धामणगावहून परत येत होतो, मागे मिरच्यांची पोती होती. रस्ता सरळ होता, समोर कोणी नव्हतं. मोटार आपोआप डावीकडे ओढली, यांनी स्टेअरिंग वळवलं तर एकदम उजवीकडे गेली, आणि पुलाच्या कठड्याला घासून थांबली. पुढचं एक चाक कडेच्या बाहेर होतं. मी खाली बघितलं, नाला कोरडा होता, नुसते दगड. हे उतरून चाकाकडे बघून आले. मग म्हणाले, "रस्ता खराब हाये." दादा, तो रस्ता खराब नव्हता. त्यांनाही कळलं आहे की काही चुकतंय. कुठे चुकतंय ते सगळ्या घरात मला एकटीला ठाऊक आहे, आणि मी सहा दिवस कपाळाला हळद लावून गप्प बसले आहे. जेवण जात नाही. वकिलीणबाई काल गजरा न्यायला आल्या, त्यांचं धाकटं माझ्या मांडीवर येऊन बसलं. मला त्याच्या डोळ्यांत बघवेना.

तू ये आणि चाकं पूर्वीसारखी कर, असं लिहायला बसले होते. इथवर आले तेव्हा हिशेब लक्षात आला. पत्र तुला उद्या दुपारी मिळणार, ते वाचून तू येणार की नाही कोण जाणे, आणि आलास तरी गुरुवारच्या पहाटेआधी काय होणार? म्हणजे तुला पत्र लिहिते म्हणत मी पुन्हा तेच करते आहे. जिथे बोलायचं तिथे बोलत नाही.

जरा थांबते.

दादा, आता चार वाजले. यांना बोलावून हे सगळं पत्र वाचून दाखवलं. माकडाचं वाक्यही गाळलं नाही. सासूबाई ऐकत होत्या, त्यांनाही ऐकू दिलं. हे ओसरीवर मान खाली घालून बसले होते. शेवटी म्हणाले, "मी त्याले दहा जणांत बोललो, शकुन." मला रागावले असते तर बरं झालं असतं. सासूबाई म्हणाल्या, "आता बसून काय राहिला? जाय ना."

वकिलांकडे जाऊन ते आठ दिवस मागून आले आहेत. इथल्या मिस्त्रीला दाखवा म्हटलं तर ऐकत नाहीत. ज्याचं काम मी बिघडवलं त्याच्याच हातून नीट होईल, म्हणतात. उद्या उजाडल्यावर मोटार घेऊन अकोल्याला निघतील, एकटेच, अगदी हळू. मला सोबत नेत नाहीत. साठ मैलांचा रस्ता आहे आणि चाकं तशीच आहेत.

तेव्हा हे पत्र टपालात टाकत नाही, त्यांच्याच खिशात घालते. त्यांना बोलता येत नाही, नुसते उभे राहतील. तू त्यांना उभं ठेवू नकोस. आणि तू हे वाचत असशील तर ते पोचले, पण ते मला इथे बसून कसं कळणार? म्हणून माझ्यावर काय रागवायचं ते मागाहून रागव. आधी तारघरात जा आणि ते पोचले एवढं कळव.

तुला खोटं पाडणारी आणि तारेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
शकुन