पाठमोरा

२ नोव्हेंबर, रविवार

आलो एकदाचे मुलुंडला! लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत अर्धा जन्म गेला, आणि आता मुलुंड पूर्वेला नववा मजला, दोन खोल्या, किचन, आणि किचनला चक्क बाल्कनी. घर भाड्याचं आहे म्हणून काय झालं, वारा काही मालकाचा नाही. बाल्कनीतून मिठागरं दिसतात, त्यांच्या पलीकडे ऐरोलीचा पूल. पुलापलीकडे माझी नवी नोकरी, म्हणून तर हा सगळा खटाटोप. अक्षताने सकाळपासून तीनदा भांडी लावली आणि तिन्ही वेळा वेगळ्या जागी. प्रांजलने घरभर धावून जाहीर केलं की मोठी खोली तिची. सात वर्षांच्या बाईसाहेबांपुढे आपण काय बोलणार! रात्री पावभाजी मागवली आणि पुस्तकांच्या खोक्यावर मांडून खाल्ली. अक्षता म्हणाली, देवेश, आता रोजनिशी लिहायला तुला जागा झाली. म्हणून हे सुरू केलं.

९ नोव्हेंबर

नोकरी झकास आहे. डेटा सेंटर, रात्रपाळी. मशीन थंड राहावीत म्हणून एसी इतका, की आत स्वेटर घालावा लागतो. काम म्हणजे पडद्यावरचे हिरवे दिवे बघत बसायचं आणि एखादा लाल झाला की फोन फिरवायचा. सकाळी घरी येतो तेव्हा अक्षता घाटकोपरच्या बँकेत जायच्या घाईत असते. प्रांजलला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतो आणि झोपतो. दुपारी उठून तिला खालून आणतो, जेवू घालतो, मग बाप-लेक पुन्हा आडवे. खिडकीवर अक्षताची काळी ओढणी बांधली आहे, उजेड नको म्हणून. घुबडाचा संसार आहे, पण मजेत चाललाय.

१५ नोव्हेंबर

दुपारी विचित्र प्रकार झाला. अचानक जाग आली. पंखा दिसत होता, ओढणीच्या कडेने येणारं ऊन दिसत होतं, खालून भंगारवाल्याची हाक ऐकू येत होती. पण अंग हलेना. बोट नाही, जीभ नाही. आणि छातीवर कोणीतरी बसलेलं. बुटकं, माझ्याकडे पाठ करून, मांडी घालून, पंगतीत जेवायला बसावं तसं. त्याच्या वजनाने श्वास अर्ध्यावर अडत होता. मी ओरडत होतो, पण आवाज निघत नव्हता. तेवढ्यात प्रांजल झोपेत वळली, तिचा पाय मला लागला आणि सगळं सुटलं. उशी घामाने ओली झाली होती.

अक्षताला सांगितलं तर म्हणाली, काल भुर्जी किती हाणलीस ते आठव. तिच्याबरोबर हसलो खरा, पण मी घाबरलो होतो.

२३ नोव्हेंबर

आता रोजच होतं. डॉक्टरांना दाखवून आलो. त्यांनी नीट समजावलं. झोपेत मेंदू अंगाला कुलूप लावतो, आणि कधी कधी मेंदू जागा होतो तरी कुलूप तसंच राहतं. मग भास होतात. रात्रपाळीवाल्यांना हा त्रास बराच होतो, घाबरायचं कारण नाही. उताणे झोपू नका, चहा कमी करा, पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा. सगळं करून पाहिलं. कुशीवर झोपलो तर ते खांद्यावर बसतं. बोटाचं तर नावच नको.

एकच गोष्ट हमखास लागू पडते. कोणी हात लावला की सुटतं. हे प्रांजलने स्वतःच हेरलं. म्हणते, बाबा, तू डोळे उघडे ठेवून माशासारखा बघतोस ना, तेव्हा मी चिमटा काढते. आता ती तिची ड्यूटीच झाली आहे. लेकीने बापाला राखावं याची लाज वाटते, पण त्या चिमट्याची मी जिवाच्या आकांताने वाट बघत असतो.

३० नोव्हेंबर, रविवार

भांडुपहून गुणाजीकाका आले होते. बाबांचे चुलतभाऊ, गिरणी सुटल्यापासून आमच्या भावकीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचाच. म्हणाले, नव्या जागेत राहायला आलात आणि जागेवाल्याला, इथल्या राखणदाराला, साधं सांगितलंही नाहीत? पाटावर नारळ-विडा ठेवला, आम्ही तिघं हात जोडून मागे उभे. काकांनी सूर धरला, "देवा म्हाराजा, आज तुझ्या लेकरान जा काय सांगणा केल्यान हा..." आणि दर वाक्याला आम्ही "व्हय म्हाराजा!" प्रांजलला हे जाम आवडलं. सगळ्यांत मोठा आवाज तिचा.

"ह्या देवेशाच्या छातयेर जा कोण बसता हा, ता उठव, आणि..." इथे काका अडले. गावी असते तर पीडा शिवेपलीकडे धाड म्हणाले असते. मुलुंडची शीव कुठली? चेकनाका की खाडी? ते आठवत उभे राहिले, आणि त्या शांततेत प्रांजल एकटीच ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आम्ही इतके हसलो! काकाही हसले, पुढचं भराभर आटोपलं आणि नारळ फोडला. मग कोंबडीवडे. खूप दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

७ डिसेंबर

आठवडाभर मेल्यासारखा झोपतोय. छातीवर कोणी नाही. डॉक्टर असो की जागेवाला, ज्याने कोणी केलं त्याचं भलं होवो. अक्षता म्हणते, माझ्या तोंडावर तेज आलंय. प्रांजल मात्र किरकिर करते, दुपारी झोपायचं नाही म्हणते. शाळेतून बाईंचा निरोप आला की ती वर्गात पेंगते. मोबाइल बंद केला पाहिजे.

१३ डिसेंबर

मला कळायला हवं होतं.

दुपारी पाणी प्यायला उठलो. प्रांजल माझ्या बाजूलाच उताणी. डोळे सताड उघडे. मी हाक मारली, तर बुबुळं फक्त माझ्याकडे वळली. करंगळी थरथरत होती. हात लावला तशी किंचाळून गळ्यात पडली. केव्हापासून होतंय विचारलं तर म्हणाली, काका आजोबा आले होते तेव्हापासून. मला का नाही चिमटा काढला, मी तुला काढायचे ना, असंही म्हणाली.

ते पाठ करून बसतं का, असं विचारलं. नाही म्हणाली. माझ्याकडे तोंड करून बसतं.

तोंड कसं आहे ते ती सांगत नाही.

१७ डिसेंबर

मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं. बापाचं ऐकून मुलंही तसंच बघतात, असं म्हणाले. अक्षता मला वाटेल ते बोलली. तुझी भुतं पोरीच्या डोक्यात घातलीस.

काकांना फोन केला. म्हणाले, "खंय धाडूचा ता मी सांगूकच नाय रे. उठव म्हटलंय, आणि व्हय म्हणणारा एकला तुझा चेडू." आणि रडायला लागले. चेडू म्हणजे माझी पोर. तिने ते मागून घेतलं. तिच्या बापासाठी.

प्रांजलला मालाडला मावशीकडे ठेवलं होतं. ते तिथेही गेलं. तिथे तर कोणाला हात लावायचं माहीतही नव्हतं.

२१ डिसेंबर, रविवार

काकांना पुन्हा बोलावलं. नको म्हणत होते. दिलेलं परत मागू नये म्हणाले. मी पाय धरले. अक्षता पोरीला घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं.

काकांनी पुन्हा पाटावर नारळ-विडा ठेवला. पोरीच्या अंगावरचं ह्याच्या अंगावर दे, असं सांगितलं. व्हय म्हणायला मागे मी एकटाच. म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

२४ डिसेंबर

अर्धंच आलं.

दुपारी अंग जखडलं तेव्हा आधी बरंच वाटलं. सुटली पोर, आता खुशाल बस माझ्यावर. पण छातीवर वजन नव्हतं. श्वास मोकळा होता. डोळे वळवले. ते बाजूला होतं, तिच्या छातीवर. वाकून तिच्या तोंडाजवळ तोंड नेलेलं. ती माझ्याकडे बघत होती. चिमट्याची वाट बघत होती. आणि माझा हात—

अक्षता बँकेतून आली तेव्हा सुटलो. ती येईपर्यंत तसेच. अख्खी दुपार.

प्रांजल आता बोलत नाही.

२६ डिसेंबर

रजा घेतली. अक्षतानेही. तिलाही आता पटलंय, बिचारी भांडतसुद्धा नाही. पाळीपाळीने जागतो. मी पडायचं नाही, खुर्चीतच बसायचं. डोळ्यांना बर्फ लावतो. झोपलो नाही तर जखडणार नाही. एवढाच काय तो हिशेब.

२७ डिसेंबर

भिंत हलल्यासारखी दिसते. लिहीत राहिलं की जाग राहते म्हणून लिहितोय.

२८ डिसेंबर

अक्षता औषध आणायला खाली गेली आहे. दहा मिनिटांत येते म्हणाली. पोर झोपली आहे. श्वास नीट चाललाय. मी जागा आहे. पूर्ण जागा. खिडकी उघडी आहे, ऊन आहे, खाली मुलं क्रिकेट खेळतायत—

डोळे उघडले तिने.

करंगळी हलतेय. उठतो—

पाय उठत नाहीत. मी जागा आहे, झोपलेलो नाही, तरी— मान वळत नाही. पेनाचा हात तेवढा चालतोय. कागदावरून उचलायला जातो तर—

पलंग हातभर लांब. फक्त हातभर. प्रांजल, बाबा इथेच आहे गं, बाबा बघतोय—

त्याने तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघतेय. अक्षता, लवकर ये, तिला हात लाव, फक्त हात ला