दोन तोंडांची चूल

१८ नोव्हेंबर
थंडी पडली. अव्वांची छाती वाजायला लागली, भिंतीपलीकडून ऐकू येते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, यंदा सासूबाईंना ऊब द्या आणि धूर देऊ नका. वा रे डॉक्टर. आमच्या घरात ऊब म्हणजे चूल आणि चूल म्हणजे धूर. त्यात पाऊस न्हाई म्हणून तुराट्या न्हाईत, अक्का बाभळीची हिरवी लाकडं जाळून राहिल्यात.
मी म्हणलं, सैपाकघरातली चूल मोडून निर्धूर चूल घालते. पंचायत समितीत तीन दिवस शिकून आले, दाखला काय फळीवर ठेवायला मिळाला का. अक्का, म्हणजे मोठी जाऊ, म्हणल्या, "माझ्या चुलीला हात लावायचा न्हाई. तुझ्या मागच्या खोलीत घाल की. अव्वा निजतील तिथं."
इतकं गोड अक्का कधी बोलल्या न्हवत्या. मला गहिवरून आलं.

२१ नोव्हेंबर
माती मळली. टँकर एक दिवसाआड, घराला चार घागरी. भांडी धुतलेलं पाणी तीन दिवस साठवलं. जनावरं पाहुण्यांकडं पाठवलीत, त्यामुळं शेणसुद्धा मागून आणायची पाळी. उदगीरच्या बाजारपेठेतलं दुकानदाराचं घर, आणि सून शेण मागत फिरून राहिली. असो.
हे थोरल्या भावाबरोबर लातूरला गेले होते. जिल्हा आता लातूर झालाय, धाराशिवच्या खेपा वाचल्या, म्हणून जो तो कागद घेऊन तिकडं पळतोय. येताना ह्यांनी सिमेंटचे तीन पाइप आणले, वरची टोपी पण. न सांगता. एस.टी.च्या टपावर बांधून. चौदा वर्षांत एक गजरा न्हाई आणला, आणि आज धुराडं. मी तसं म्हणलं. हे हसले न्हाईत. दमले असतील.

२५ नोव्हेंबर
चूल घातली. दोन तोंडांची. पुढच्या तोंडावर भाकरी, मागच्यावर वरण, आतून जाळाला वाट, मग धुराडं. पाइप माळवदाच्या साण्यातून, छपरातल्या उजेडाच्या झरोक्यातून, वर काढला, नवीन भोक पाडायला नको. पण साण्याला लागून दोन सागवानी सर, छताच्या तुळया, हायत. पाइप तापला तर लाकूड पेट धरणार. म्हणून भोवतीनं वीतभर विटा आणि मातीचं कडं केलं. ठिणगी पडली तर म्हणून चुलीपुढं शहाबादी फरशी. अव्वांची बाज चुलीपासून तीन हात दूर, डोक्याकडची खिडकी उघडी राहील अशी.
कंबर मोडली. पण हात फिरवून फिरवून चूल बघितली. माझी हाय ती. कुणी घालून दिलेली न्हाई.

२९ नोव्हेंबर
वाळायला आठ-दहा दिवस तरी पाहिजेत. घाई केली की तडा, आणि तड्यातून धूर खोलीतच. अक्का दोनदा येऊन गेल्या. "पेटव की आता, किती वाळवतीस." थोरल्यांनी पण विचारलं, चूल झाली का म्हणून. ज्या माणसाला घरात मीठ कुठं ठेवतात ते माहीत न्हाई, त्यांना माझ्या चुलीची काळजी. आईसाठी जीव तुटत असेल, दुसरं काय.

५ डिसेंबर
पेटवली. आधी विभूती लावली, दूध ठेवलं, उतू जाऊ दिलं. मग उदबत्ती चुलीच्या तोंडाशी धरली. धूर आत ओढला गेला, सरळ. माळवदावर पळत गेले. टोपीखालून निळा धूर निघत होता. खाली खोलीत डोळ्याला पाणी न्हाई.
अव्वा बाजेवर बसून बघत होत्या. "शिवशिव, जाळ हाय आणि धूर न्हाई, ही कसली करणी गं?" दोन भाकरी खाल्ल्या. दुपारभर निजल्या. छाती वाजली न्हाई. मी भांडी घासता घासता थांबून ऐकत होते.

८ डिसेंबर
नवीन रेशनकार्डं लिहायला एक साहेब आले, वही घेऊन. थोरल्यांनी त्यांना सरळ माझ्या खोलीशी आणलं. "ही बघा, धाकट्याची चूल." साहेब वाकून बघून राहिले. चुलीवर भात रटरटत होता. त्यांनी मला विचारलं, "किती तोंडं?" मी पदर सावरून म्हणलं, "दोन." धुराडं पण दाखवते म्हणलं, पाइपाला खालून काजळी काढायचं दार ठेवलंय म्हणून सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. बरं वाटलं. सरकारी माणसाला माझं काम आवडलं.

१० डिसेंबर
अक्का टोपली घेऊन आल्या. त्यात माझ्या माहेरची परात, दोन पातेली, एक तवा. म्हणल्या, "तुमची चूल वेगळी झाली, भांडी पण सांभाळा."
मला वाटलं थट्टा करून राहिल्यात. म्हणलं, अक्का, चूल अव्वांसाठी घातली, तुम्हीच तर सांगितलं.
"कुणासाठी का असंना. धूर वेगळा निघतो न्हवं? साऱ्या गल्लीला दिसतो."


११ डिसेंबर
ह्यांना धरलं. जेवायला बसले तेव्हाच. आधी काही न्हाई, काही न्हाई. मग निघालं सगळं. लातूरला त्या दिवशी वाटणीच्या कागदावर दस्तखत करून आले. पुढचं घर आणि दुकान थोरल्यांना. मागची खोली आणि खडकाळ रान आम्हाला. थोरल्यांनी सांगितलं, नुसतं दोन कार्डं निघावीत म्हणून लिहायचं, दुष्काळ हाय, धान्य जास्त मिळंल. आणि वेगळी चूल दिसली पाहिजे, न्हाईतर साहेब मानत न्हाईत.
म्हणजे पाइप त्याच दिवशीचे. दस्तखत करून तसेच पाइप घ्यायला गेले.
मी विचारलं, मला का न्हाई सांगितलं?
"सांगितलं असतं तर तू चूल घातली असतीस का?"
असं म्हणून वरणात भाकरी कुस्करत बसले. थोरल्यांचं मला काही वाटत न्हाई, तो माणूस पहिल्यापासून तसाच. पण हे. आठ दिवस माझ्या हाताची माती बघत होते. एकदा पाय लावून माती तुडवून पण दिली. वर विचारत होते, दमलीस का.
बेइमान. लिहिलं. खोडणार न्हाई.

१४ डिसेंबर
टँकरच्या रांगेत समोरची काकू म्हणाली, "झालीस बाई वेगळी एकदाची. हुशार निघालीस." आख्ख्या गल्लीत तेच. धाकटीनं घर फोडलं. पुरावा माळवदावर उभा, टोपी घालून. कुणाकुणाला दाखला दाखवू.

१५ डिसेंबर
अव्वा उठून गेल्या. सकाळी घोंगडी काखेत, काठी हातात. "फुटल्या घरात मी निजणार न्हाई. थोरल्या चुलीवर मी लगीन होऊन आले, तिथंच मरंन."
मी आडवी आले. अव्वा, तिथं धूर हाय. "असू दे. त्या धुरानं माझं घर न्हाई फोडलं."
हे दारातच होते. बाजूला सरून आईला वाट दिली.

२० डिसेंबर
पंधरा दिवस झाले, काजळी काढायचा दिवस. आधी खुरपं घेतलं होतं, फोडून टाकायची म्हणून. दोनदा उचललं. पलीकडून खोकला आला, तसं खाली ठेवलं. फोडली तर अव्वा परत आल्यावर निजणार कुठं? काठीला चिंधी बांधून पाइप पुसला. कडं बघितलं, तडा न्हाई. लाकूड गार. चांगली घातली मी. तेच तर दुखतं.
ह्यांच्याशी बोलणं बंद. ताट वाढते, सरकवते.

येळवस
वेळा अमावस्या, सालाबादप्रमाणं रानात पूजेला जायचं, पण रानात काय हाय यंदा, ढेकळं. तरी डाळी-भाज्यांची भज्जी केली. दोन ठिकाणी शिजली, पहिल्यांदा. मी अव्वांना वाटी भरून नेली. अक्कांनी पण वाढलेली होती. अव्वा दोन्ही वाट्यांकडं बघत बसल्या, आणि नुसती आंबील प्यायल्या. ओठ निळसर वाटले. अक्कांना म्हणलं, निदान वरचं साणं उघडं ठेवा. "थंडी येते," म्हणल्या.

९ जानेवारी
कार्डं आली. आमच्या कार्डावर माणसं दोन. हे आणि मी. थोरल्यांच्या कार्डावर ते, अक्का, तीन लेकरं. अव्वा कुठंच न्हाईत.
थोरले म्हणतात, तुमच्या खोलीत निजत होती, मी तुमच्यात धरली. आणि आमच्यात? मग साहेबांचा प्रश्न आठवला. किती तोंडं, दोन. साहेब खाणारी तोंडं विचारत होते, मी चुलीची सांगितली. सात यत्ता शिकलेली बाई. माझ्या मेलीच्या तोंडानं अव्वा घरातून गेल्या. ह्यांना फसवणारे म्हणायचं आणि मी काय केलं?
न्हाई. माझी चूक झाली. त्यांनी ठरवून केलं. दोन्ही एक न्हाई.

११ जानेवारी
हे तालुक्याच्या कचेरीत जाऊन फॉर्म घेऊन आले. अर्जदार कुणाच्या चुलीवर जेवतात, तिथं नाव चढंल. खाली अव्वांचा अंगठा पाहिजे. ती रेघ कोरी हाय.

१२ जानेवारी
हे सकाळी भाकरी खात होते. अव्वा आल्या. स्वतःहून. उंबऱ्यापर्यंतच. भिंतीला धरून बसल्या, श्वास शिट्टीवाणी वाजून राहिला. मी म्हणलं, आधी आत या, ऊब हाय.
"येते. आधी एक सांग. मला कुठल्या चुलीवर लिहिणार?"
मी म्हणलं, ह्या.
"मग खरं सांग. घर तू फोडलंस?"
न्हाई म्हणलं. पहिल्यांदा कुणी तोंडावर विचारलं मला.
"मग कुणी?"
थोरल्यांनी एकट्यानं म्हणावं तर खोटं. दोघांनी म्हणावं तर ह्या बाईला दोन्ही लेक एकदम जातात, आणि ती माझ्या चुलीशी येऊन तरी कशाला जगंल. काही न्हाई म्हणावं तर ती उठून परत धुरात जाणार.
ह्यांच्या हातात घास तसाच. माझ्याकडं बघत न्हाईत, आईकडं बघत न्हाईत. अव्वा माझ्याकडं बघून राहिल्यात, एक पाय उंबऱ्याच्या आत.