हानाबाईंच्या तेवीस गोष्टी

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७
दोन गोष्टी ध्वनिमुद्रित झाल्या. आवाज स्वच्छ — भागाबाईचं 'हूं' सोडून!

हानाबाई पोलंडच्या. लढाईत रशियानं सैबेरियात धाडलं, तिथून इराण, मग हिंदुस्थान. इराणात म्हाताऱ्यांकडून लोककथा गोळा केल्या. वह्या बोटीवर हरवल्या. आता सगळं डोक्यात. घशात गाठ आहे. सोळा तारखेला मुंबईत ऑपरेशन — स्वरयंत्र काढणार. त्याआधी तेवीस गोष्टी फितीवर घ्यायच्या. आमच्या वर्ध्याच्या संस्थेत हे ध्वनिमुद्रणाचं यंत्र मलाच येतं, म्हणून मी.

त्या फारसीत सांगतात, मग मला मराठीत अर्थ. भागाबाई खोली झाडायला येते ती झाडू घेऊनच समोर बसते आणि दर वाक्याला 'हूं'. "फारसी समजते का?" मी विचारलं.

"गोष्ट हाये ना बाई. समजाले काऊन लागते? हूं नाई म्हटलं त सांगणारा थांबते."

बुधवार, ६ नोव्हेंबर
सात झाल्या. मीठ विकणाऱ्याची मुलगी वाऱ्याला भाऊ मानते, ती गोष्ट चांगली आहे.

हानाबाई कवयित्री आहेत, असं हरिभाऊ व्यवस्थापक म्हणाले. मी विचारलं. "होते. बारा वर्षं एक ओळ नाही." मग माझ्याकडे बघून — "माणिक, तू हसलीस तर यंत्र बिघडतं का?"

 मी अर्धा डबा त्यांना दिला. वांग्याची भाजी, तिखट कमी.

शनिवार, ९ नोव्हेंबर
तेवीस पूर्ण! आवाज आता खरखरतो. भागाबाई मुलीच्या बाळंतपणासाठी आष्टीला गेली.

रविवार, १० नोव्हेंबर
दिवसभर ब्लेड आणि चिकटपट्टी. एकूण एक 'हूं' फितीतून कापून काढलं. जोड कुठेही ऐकू येत नाही. इतकं नीट काम मी आजवर केलेलं नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर
ऐकवलं. पहिल्या गोष्टीच्या मध्यावर त्यांनी हात वर केला.

"ही बाई कुणाशी बोलते? भिंतीशी?"

शास्त्रीय नोंदीत बाहेरचा आवाज नको, म्हटलं.

"बाहेरचा? इराणात मी लिहायला मान खाली घातली की म्हाताऱ्या गप्प बसायच्या. ऐकणारं माणूस नसेल तर गोष्ट नसते, माणिक. तुकडे कुठे आहेत?"

केराबरोबर जाळले, म्हटलं.

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नवीन फीत शिल्लक नाही. म्हणाल्या, "एकेक पूस. त्याच जागी पुन्हा सांगते."

पुसलं की गेलं, आणि मध्येच आवाज बसला तर? मी म्हटलं.

"बसेल. पूस."

मंगळवार, १२ नोव्हेंबर
भागाबाईच्या जागी समोर मी बसले. पहिलं 'हूं' वाक्याच्या मध्येच पडलं. त्या हसल्या, मग खोकला. पाणी दिलं. नंतर जमलं. फारसी येत नाही, तरी कुठे म्हणायचं ते कळतं — त्या श्वास घेताना माझ्याकडे बघतात. यंत्राच्या काट्याकडे बघायचं राहून गेलं.

चार झाल्या.

बुधवार, १३ नोव्हेंबर
आणखी तीन. आठवीत आवाज गेला, अर्ध्यावर. जुनी पुसलेली होती. म्हणजे ती कुठेच नाही आता.

उरलेल्या पंधरा तशाच, भिंतीशी बोलल्यासारख्या. हे मी केलं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर
वर्धा स्टेशन, हानाबाईंची मुंबईची गाडी. त्यांचा आवाज परत आलाच नाही. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून माझी वेणी ओढली. लहान मुलीसारखं कुणी वागवलेलं मला आवडत नाही. आज चाललं.

सोमवार, १८ नोव्हेंबर
तार — ऑपरेशन नीट झालं.

बुधवार, १८ डिसेंबर
हानाबाई आल्या. गळ्याशी मलमलीची पट्टी. मी सवयीनं यंत्र लावलं. त्यांनी वायर काढून टाकली आणि पाटीवर लिहिलं : 'चोविसावी. तुझी.'

मला गोष्ट नाही, म्हटलं. त्या बसून राहिल्या.

मग सांगितली — आईची. थांबले की त्या 'हूं'च्या जागी माझ्या मनगटावर बोटानं ठोकायच्या. शेवटपर्यंत सांगितली. इथे लिहीत नाही.