बराकीत आणलेली अक्षरं

माय, तुझ्याकडून एक उत्तर घ्यायचं राहूनच गेलं. तुला वाचता नेमकं कधी यायला लागलं? आज हे डोक्यात येण्याचं कारण म्हणजे मी आता दर शनिवारी त्याच तुरुंगात जाते. तेलगावच्या शाळेत शिकवून झालं की बीडची एसटी पकडते आणि आपल्या त्या जुन्या बराकीत बायकांना लिहायला-वाचायला शिकवते. फाटकाशी झडती देताना अजून हसू येतं. लहानपणी माझी झडती कुणी घेत नव्हतं, आणि आत रोज काहीतरी नेणारी तर मी एकटीच होते.

तुझा खटला चालू होता, मी तुझ्यासोबत आत होते. शिपाईबाई सकाळी माझं बोट धरून भिंतीबाहेरच्या अंगणवाडीत सोडायच्या. परत आले की सगळ्या बायका गोळा व्हायच्या. "काय आणलं गं आज?" आधी बाहेरचं सांगायचं: आभाळ आलंय का, चिंचा लागल्या का, कुणाची वरात दिसली का. मग अक्षर. ओल्या बोटानं मी ते फरशीवर काढायचे आणि वाळायच्या आत सगळ्यांनी गिरवायचं. आष्टीकडची एक म्हातारी एका दमात शिकायची. तू मात्र ढ. काल सांगितलेला 'ठ' आज गायब. "इसरले बघ. परत सांग की." "कावून इसरतीस गं?" मी कपाळावर हात मारून ओरडायचे आणि तू गुन्हेगारासारखी मान खाली घालायचीस.

आता शंका येते. उसाच्या फडात कुणाच्या किती मोळ्या झाल्या हे तुला मुकादमाच्या आधी ठाऊक असायचं, असं मावशी सांगते. अशा बाईला एक 'ठ' लक्षात राहू नये? शिवाय सोंग करण्यात तू पटाईत, हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय. शाळेचं वय झालं की लेकराला बाहेर पाठवायचं, असा नियम. माझा जन्म ऊसतोडीच्या तळावरचा, पाचटाच्या कोपीतला, तारीख कुणाला माहीत! म्हणून तुरुंगाचे साहेब मला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की वय झालं. साहेब येणार त्या दिवशी तू माझे केस फुगवून माथ्यावर एवढा मोठा बुचडा बांधायचीस की हात वरच्या वर अडायचा. "न्हाई पुरत, साहेब. ल्हान हाय अजून." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. साहेबांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

शेवटी हात पुरलाच. मावशी न्यायला आली त्या दिवशी फाटकाशी तू माझं पुस्तक मागून घेतलंस आणि शेवटचं पान धडाधडा वाचलंस. कुठं अडखळणं नाही. मी रडायचं विसरले. "तुला येत होतं!" "आत्ताच आलं बघ," तू म्हणालीस. "तू लिहून धाडत जा. मी वाचते." सुटून घरी आल्यावरही विचारलं, तर नुसती हसलीस. मग मीच समजूत करून घेतली, की सगळी अक्षरं शिकवून संपली तर पोर शाळेजोगी ठरून बाहेर जाईल, या भीतीनं तू विसरत होतीस.

परवा बराकीतल्या वर्गात एक तरणी बाई बसलेली, लेक मांडीवर. ती चिमुरडी आईला अक्षर गिरवून दाखवते आणि आई दर वेळी चुकते. पोरगी पाणी प्यायला उठली, तशी बाईनं पाटीवर झरझर आपलं नाव लिहिलं. मी पाहिलं. "अगं, मग पोरीसमोर कशाला चुकतेस?" तिनं नाव पुसून टाकलं.

"बाई, तिला हितं ना खेळ, ना सोबत. आईचं आपल्याबिगर अडतंय, एवढंच हाय तिच्याजवळ. ऱ्हाऊ द्या की."

बीडहून परतताना एसटीच्या काचेवर मी बोटानं 'ठ' काढत होते. तू माझ्यासाठी ढ झाली असशील, हे कळून खरं तर भरून यायला हवं. आलंही. पण खोटं कशाला बोलू, रागही आला. 'ठ' तुला पहिल्याच दिवशी आला असेल, तर मी काय शिकवलं?

तू गेल्यावर आता हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. शाळेत, तुरुंगात, पाहुण्यारावळ्यांत मी आजवर छाती पुढं काढून सांगत आलेय, की माझ्या आईला वाचायला मी शिकवलं. ते मी सांगतच राहणार आहे.