उक्ता भाव

बाबा, तुम्ही गेल्यावर तीस वर्षांनी मी अमरावतीत एक फ्लॅट घेतला. राहायला नाही, भाड्याने द्यायला. गुडघे गेले, वलगावचा मळा आता होत नाही. महिन्याला हातात काही यावं, पोरापुढे हात पसरू नये, एवढंच मनात होतं. माझ्या वयाला बँक कर्ज देत नाही, म्हणून ते अकोल्याच्या पोराच्या नावावर काढलं. "हप्ता भाड्यातूनच निघते काकाजी," असं दलाल म्हणाला. मी घासाघीस करून थोडे पैसे तोडले आणि घरी येऊन तुमच्या सुनेला सांगितलं, सौदा चांगला झाला.

मी तो भाव उक्ता धरला. आपण गोबीचं उभं वावर देतो तसा, एकदा आकडा ठरला की बाकी सगळं त्यातच. मग मुद्रांक शुल्क आलं, नोंदणी, वकील, मीटर, पार्किंग. कर्जाची फाईल करायलाही पैसे लागतात. चार महिने भाडेकरू मिळाला नाही, पण सोसायटीचा मेंटेनन्स रिकाम्या घरालाही चुकत नाही. आता भाडेकरू आहे, तरी भाड्यातून अर्धाच हप्ता निघतो.

मी अठरा वर्षांचा असताना पहिल्यांदा एकट्याने गोबी उक्ती विकली, तो दिवस आठवतो. व्यापारी विसार देऊन गेला आणि पंधरा दिवस तोडायला फिरकलाच नाही. तुम्ही बांधावर उभे आहात. "भाव ठरवला ना बे? मंग तोडेपर्यंत पाणी कोन देईन, तुया बाप?" असं म्हणता आणि स्वतःच जाऊन मोटर लावता. मी तेव्हा हसलो होतो. आता ते पाणी माझा पोरगा देतो.

परवा तो आला होता. अकोल्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. स्वतःसाठी घर पाहिलं, तर बँक म्हणाली, एक कर्ज आहे, दुसरं पगारात बसत नाही. मी विचारलं, "मंग हा फ्लॅट इकून टाकू काय?" तो म्हणाला, "इकला तरी भरलेली स्टॅम्प ड्युटी कोन वापस देईन? राहू द्या बाबा." चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. तो गेल्यावर तुमची सून म्हणाली, "तुमच्या म्हातारपणासाठी त्यानं कावून भाड्यात रायाचं?" आज सकाळी मी दलालाला फोन करून विकायला सांगितलं. तोटा होईल. होऊ दे.

एक गोष्ट खरं तर पोराला सांगायला हवी, पण तुम्ही हे वाचणार नाही म्हणून तुम्हाला लिहितो. टोकन द्यायच्या आधी दलालाने वरच्या खर्चाचा कागद माझ्या हातात दिला होता. सगळं त्यात लिहिलेलं होतं. मला वाचायला वेळ लागतो, ओठ हलतात, आणि समोर चार शिकलेली माणसं बसली होती. चष्मा घरी राहिला असं सांगून मी सही केली. चष्मा खिशातच होता.