टेबलाखालचा संगणक

तीर्थरूप आईस, लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

मी करते तरी काय, असं विचारलंस. इथल्या शास्त्रज्ञांच्या आकडेमोडीला कुठले प्रोग्राम, कुठल्या आवृत्तीचे लागतात याची नोंद ठेवून, ते कुठल्याही संगणकावर जसेच्या तसे बसवणारी व्यवस्था बांधते. तू औषधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख लिहितेस; या महापंडितांना तेवढंही सुचत नाही.

आमच्या सरांच्या टेबलाखाली नऊ वर्षांचा संगणक आहे, वर पाटी: ‘हात लावू नये’. कारण त्यांचं उत्तर फक्त त्याच्यावरच येतं! म्हणे, “चालतंय ना? मग लिहून कशाला ठेवायचं?” अक्कल गहाण टाकलीय, दुसरं काय!

परवा तो कायमचा बंद पडला. सर रडकुंडीला आले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

माझ्या प्रबंधाची आकडेमोडही मी त्याच्यावरच केली होती. काल सहज नव्या व्यवस्थेवर करून पाहिली, तर उत्तर वेगळंच आलं. तेव्हा कुठल्या आवृत्त्या होत्या, ते मीही लिहून ठेवलेलं नाही.

काळजी करू नकोस. फक्त, माझं पदवीचं प्रमाणपत्र टांगायला बाबांनी अजून खिळा ठोकला नसेल, तर जरा थांबा म्हणावं.

तुझी,
थोरली